आधुनिक पेगन धर्म : एका पाटीखाली किती देव्हारे?

दिवटी

‘पेगन म्हणजे नेमके कोण?’ हा प्रश्न दर दोन-तीन महिन्यांनी कुठल्यातरी धाग्यावर अवांतरात उगवतो आणि तिथेच वाहून जातो. म्हणून हा वेगळा धागा. माहितगारांनी भर घालावी, चुकले तर कान धरावा.

आधी शब्द. लॅटिन ‘पागानुस’ म्हणजे खेडवळ, गावंढळ. रोमन साम्राज्य ख्रिस्ती होत गेले तसे जुन्या देवांना धरून राहिलेल्यांना हे नाव चिकटले. म्हणजे ही पाटी बाहेरच्यांनी लावलेली. आपल्याकडे गोव्यात पोर्तुगीज दप्तरांत हिंदूंना ‘जेंतीउ’ म्हणत, तोही याच जातीचा शब्द. विसाव्या शतकात मात्र युरोप-अमेरिकेतल्या काही गटांनी ती पाटी उचलून स्वतःच्याच दारावर लावली, आणि इथून गोंधळ सुरू होतो. कारण त्या दारामागे एक धर्म नाहीच. समान ग्रंथ नाही, समान देव नाहीत, मठ नाही, पोपही नाही.

एखादा गट समजून घ्यायचा तर ‘तुमचे देव कोणते’ हे नंतर विचारावे. आधी विचारावे, ‘तुमचे विधी आले कुठून?’

देवी आणि शिंगवाला देव मानणारा विक्का हा पंथ इंग्लंडात १९४०-५०च्या सुमारास रचला गेला. आइसलँडची आउसात्रू, म्हणजे जुन्या नॉर्स (स्कँडिनेव्हियातल्या) देवांची उपासना, तेराव्या शतकात लिहून ठेवलेल्या एड्डा (देवकथा-काव्ये) आणि सागांवर (वीरकथांवर) उभी आहे. ग्रीसमधले हेलेनिक गट प्राचीन ग्रंथ आणि शिलालेख उकरून विधी पुन्हा बांधतात. लिथुएनियाची रोमुवा आणि लाटव्हियाची दिएवतुरी यांना ग्रंथ नाहीत, त्यांचे भांडवल लोकगीते. लाटव्हियात क्रिश्यानिस बारोन्स यांनी १८९४ ते १९१५ या काळात २,१७,९९६ चार-चार ओळींची गाणी छापली, आणि १९२५ साली एर्नेस्ट्स ब्रास्तिन्श यांनी त्यांच्या आधारावर दिएवतुरी उभी केली. (ब्रास्तिन्शांना सोव्हिएतांनी १९४० साली अटक केली, १९४२ साली गोळी घातली.) आणि दुसऱ्या टोकाला ‘चर्च ऑफ ऑल वर्ल्ड्स’. १९६२ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या या पंथाचे बीज चक्क एका विज्ञान-कादंबरीत आहे, आणि ते लोक ही गोष्ट लपवतही नाहीत.

मला हा प्रामाणिकपणा आवडतो. ‘आम्ही हे काल रचले’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘हे पाच हजार वर्षांचे आहे’ म्हणणाऱ्याकडे जास्त डोळसपणे पाहावे लागते.

व्होल्गाकाठच्या मारी लोकांना मी या यादीत धरत नाही. त्यांच्या ‘कुसोतो’ म्हणजे पवित्र राया आणि ‘कार्त’ म्हणजे पुजारी ही परंपरा दडपली गेली, पण पूर्ण तुटली नाही. आपल्याकडच्या आदिवासी धर्मांचेही तेच. जे कधी थांबलेच नाही त्याला ‘पुनरुज्जीवन’ कसे म्हणणार?

बोका_बहाद्दर

विक्का म्हणजे शेवटी चेटूकच ना? इथे कुणी केले तर जादूटोणा कायदा लागेल की!

दिवटी

बोकोबा, ‘विच’चे भाषांतर ‘चेटकीण’ केले की अर्धी चर्चा तिथेच मरते. आपल्या गावात ‘चेटकीण’ हा आरोप आहे, बाईच्या जिवावर बेतणारा. विक्कात ‘विच’ हे माणसाने स्वतःहून घेतलेले नाव आहे, पुरुषही घेतात. मराठीत ‘विक्कन’ म्हणावे, बस.

महाराष्ट्राच्या २०१३च्या कायद्याला नेमकी कृत्ये जोडलेली आहेत: मारहाण, अमानुष छळ, चमत्काराच्या नावाने फसवणूक, नरबळी वगैरे. मेणबत्त्या लावून देवीची प्रार्थना करणे त्यात बसत नाही. पैसे उकळून ‘करणी उतरवून देतो’ म्हटले तर बसेल, मग तो विक्कन असो की आणखी कुणी.

इतिहास थोडक्यात. जेराल्ड गार्डनर (१८८४–१९६४) मलायात सीमाशुल्क खात्यात होता, निवृत्तीनंतर इंग्लंडला परतला. न्यू फॉरेस्ट भागात १९३९ साली एका जुन्या गुप्त मंडळाने आपल्याला दीक्षा दिली असे तो सांगे. इंग्लंडचा १७३५चा चेटूकविरोधी कायदा १९५१ साली रद्द झाला आणि १९५४ साली गार्डनरने पुस्तक काढून हा पंथ उघड केला. त्याला सैद्धांतिक टेकू होता मार्गारेट मरे या इजिप्तविद्या-अभ्यासक बाईंचा: युरोपात जाळलेल्या ‘चेटकिणी’ खरे तर एका जुन्या धर्माच्या अनुयायी होत्या, हे त्यांचे १९२१चे म्हणणे. इतिहासकारांनी ते केव्हाच मोडीत काढले. रोनाल्ड हटन यांनी १९९९ साली विक्काची जडणघडण कागदोपत्री तपासून दाखवली आणि गंमत म्हणजे बहुतेक विक्कनांनी ती मान्य केली. धर्म चालूच राहिला. विधींमधला सुंदर भाग बराचसा डोरीन व्हॅलिएन्टे (१९२२–१९९९) यांच्या लेखणीचा. गार्डनरच्या विधींच्या वहीत आलिस्टर क्रोली या इंग्रज गूढविद्यावाल्याची उसनवारी फार होती, ती बाईंनी छाटली.

आता विधी, म्हणजे वर्तुळ आखणे. गार्डनरच्या पद्धतीत वर्तुळाचा व्यास ९ फूट. मध्यभागी खुंटी, साडेचार फुटांची दोरी, की झाले. आधी जागा झाडतात. वेदी मध्ये किंवा उत्तरेला. चार दिशांना चार दिवे. वाटीत पाणी, बशीत मीठ, दोन्ही मंत्रून मीठ पाण्यात घालतात आणि ते पाणी कडेने शिंपडतात. मग ‘अथामे’ नावाच्या काळ्या मुठीच्या दुधारी सुरीने हवेत वर्तुळ आखतात, प्रदक्षिणेच्याच दिशेने. (ही सुरी काही कापायला वापरत नाहीत, त्यासाठी पांढऱ्या मुठीची वेगळी असते.) पूर्वेला वायू, दक्षिणेला अग्नी, पश्चिमेला जल, उत्तरेला पृथ्वी अशी आवाहने. मग देवी आणि शिंगवाला देव. मुख्य काम. मग केक आणि वाइन. शेवटी जे-जे बोलावले त्याचे विसर्जन, आणि वर्तुळ उघडणे.

चुका कुठे होतात? विसर्जन विसरणे ही सर्वांत नेहमीची. दुसरी, ढगळ बाह्यांचा झगा आणि जमिनीवरच्या मेणबत्त्या. बाही पेट घेते, म्हणून दिवे काचेच्या हंडीत ठेवावेत. तिसरी, बंद खोलीत धुपासाठी कोळसा पेटवणे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, खिडकी उघडी हवीच. आणि बाहेर हिरवळीवर सुक्या मिठाने वर्तुळ काढू नका. तिथले गवत जळते, पुढचे काही महिने मैदानावर तुमच्या धर्माचा टक्कल पडलेला पुरावा राहतो.

नाक्षत्र

चांगली सुरुवात. दिशांचा मुद्दा पुढे नेतो, कारण खरी मजा तिथे आहे.

वर्तुळ घड्याळाच्या दिशेने का? कारण उत्तर गोलार्धात सूर्य पूर्वेकडून दक्षिणेमार्गे पश्चिमेला जातो. आपली प्रदक्षिणाही तशीच. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये दुपारचा सूर्य उत्तरेला असतो, म्हणून तिथले पुष्कळ विक्कन वर्तुळ उलट आखतात आणि अग्नीची जागा उत्तरेला नेतात. (मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. विधी इंग्लंडच्या अक्षांशावर बेतलेला असला की असे होते.)

तेच सणांचे. विक्का आणि आधुनिक ड्रुइड (प्राचीन केल्ट पुजाऱ्यांचे नाव घेतलेले गट) ‘वर्षचक्रा’चे आठ सण मानतात: साविन ३१ ऑक्टोबर, यूल डिसेंबरची अयनसंधी, इम्बोल्क १-२ फेब्रुवारी, ऑस्तारा मार्चचे विषुव, बेल्टन १ मे, लिथा जूनची अयनसंधी, लुनासा १ ऑगस्ट, मेबन सप्टेंबरचे विषुव. दक्षिण गोलार्धात हे सहा महिन्यांनी फिरवतात. मेलबर्नमध्ये यूल जूनमध्ये येतो आणि दुकानांत नाताळची सजावट असते तेव्हा तिथले पेगन लिथा साजरा करत असतात.

हे आठाचे चक्र ‘प्राचीन केल्टिक’ आहे असे सर्रास छापतात. नाही. आयर्लंडच्या जुन्या साहित्यात चार सण आहेत, साविन, इम्बोल्क, बेल्टन, लुनासा. त्यांच्यात अयने-विषुवे गुंफून आठाचे चक्र १९५०च्या दशकात इंग्लंडात तयार झाले. गार्डनरची मंडळी आणि त्यांचा ड्रुइड मित्र रॉस निकल्स ही नावे इथे महत्त्वाची. ऑस्तारा, लिथा, मेबन ही नावे तर १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियात एडन केली यांनी दिली. ‘लिथा’ आठव्या शतकातल्या बीड या ख्रिस्ती साधूच्या महिन्यांच्या यादीतून उचलले. ‘मेबन’ हे वेल्श कथांतल्या एका पात्राचे नाव, त्याचा सप्टेंबरशी काडीचा संबंध नाही.

आणखी एक. ३१ ऑक्टोबर हा विषुव आणि अयनाच्या बरोबर मधला दिवस नाही. सूर्याच्या स्थितीने मोजले तर मध्य ७ नोव्हेंबरच्या आसपास येतो, बेल्टनचा ५-६ मेला. म्हणून काही गट ‘खगोलीय साविन’ वेगळा पाळतात. आपल्याला हे भांडण ओळखीचे वाटावे. आकाशात उत्तरायण लागते २१-२२ डिसेंबरला आणि आपण संक्रांत करतो १४-१५ जानेवारीला, सायन-निरयनातला सुमारे २४ अंशांचा फरक. तिळगूळ खाणाऱ्याने साविनच्या तारखेला हसू नये.

हिमनदी

आइसलँडचे मी लिहितो, कारण तिथली कालगणना नाक्षत्र यांना आवडेल.

जुने आइसलँडी वर्ष आठवड्यांत मोजतात: ३० दिवसांचे १२ महिने अधिक ४ ज्यादा दिवस, एकूण ३६४, म्हणजे बरोबर ५२ आठवडे. दर वर्षी सव्वा दिवस मागे पडतो, म्हणून पाच-सहा वर्षांनी उन्हाळ्यात एक अख्खा आठवडा घालतात. आपला अधिक महिना, त्यांचा अधिक आठवडा. फायदा असा की सण वाराला बांधलेले राहतात. उन्हाळ्याचा पहिला दिवस कायम गुरुवारी, १९ ते २५ एप्रिलच्या दरम्यान. (बाहेर बर्फ पडत असला तरी उन्हाळाच.)

याच दिवशी, २० एप्रिल १९७२ला, आउसात्रू संघ स्थापन झाला आणि १९७३ साली त्याला सरकारी मान्यता मिळाली. पहिले प्रमुख स्वेनब्यर्न बेन्तेन्सन (१९२४–१९९३), मेंढपाळ शेतकरी आणि जुन्या ‘रीमुर’ छंदात गाणारे कवी. २००३पासून हिल्मार अर्न हिल्मार्सन, हे संगीतकार. पुजाऱ्याला ‘गोदी’ म्हणतात, मुंबईच्या गोदीशी संबंध नाही. चार लाखांच्या आत लोकसंख्या असलेल्या देशात संघाचे सदस्य पाच हजारांवर आहेत. तिथे धर्मसंस्थांना सरकार नोंदलेल्या सदस्यांमागे ठरावीक रक्कम देते, त्यामुळे सदस्यसंख्येला नुसते भावनिक मोल नाही. रेक्याविकमध्ये अस्क्युहलीद टेकडीपाशी देवळाचे काम २०१५ साली सुरू झाले आणि फार रखडले.

संघाचे ‘ब्लोत’, म्हणजे अर्पणाचा विधी, असे होते. उघड्यावर जमतात, शक्यतो आग पेटवून. गोदी जागा पवित्र करतो, एड्डातली कडवी म्हणतो. शिंगाचा पेला फिरतो. ज्याच्या हाती येईल तो देवाला, पूर्वजांना किंवा भूमीच्या रक्षकांना उद्देशून दोन शब्द बोलतो, एक घोट घेतो, पुढे देतो. उरलेले जमिनीवर ओततात. मग जेवण. जुन्या काळी ब्लोत म्हणजे पशुबळी, पण हा संघ बळी देत नाही.

अमेरिकन गटांत याच्या जोडीला ‘सुंबल’ असते, बसून पेल्याच्या तीन फेऱ्या. पहिली देवांची, दुसरी पूर्वज-वीरांची, तिसरी शपथेची किंवा केलेल्या कामाच्या बढाईची. तिसरी फेरी सर्वांत धोक्याची. दोन घोट पोटात गेलेले असतात आणि लोक वाटेल ती शपथ घेऊन बसतात. सर्वांसमोर घेतलेली शपथ मोडली तर तिचा भार अख्ख्या मंडळावर येतो अशी समजूत आहे, म्हणून नीट चालवलेल्या सुंबलमध्ये एक जण अडवून विचारतो: नक्की काय करणार? कधीपर्यंत? नाही जमले तर भरपाई काय? उत्तर देता आले नाही तर शपथ परत घ्यायला लावतात.

पाटावरवंटा

शिंगाबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते.

शिंग तोंडाला लावताना टोक वर ठेवून एकदम कलंडवले की आतली पोकळी हवा ओढून घेते आणि उरलेले पेय भसकन तोंडावर येते. टोक बाजूला किंवा खाली वळवून हळूहळू कलते करावे. नवे शिंग वास मारते. गार पाणी आणि खाण्याच्या सोड्याने धुऊन, पूर्ण वाळवून, आत वितळलेल्या मेणाचा हात फिरवतात. त्यानंतर चहा, गरम दूध, कढत पाणी काहीही नको, मेण सुटून पेयात येते. पेला साधारण अर्धा लिटरचा. वीस माणसे असतील तर मधे एकदा भरावा लागतो, हे आधी ठरवून ठेवले नाही तर ऐन मंत्रात कुणीतरी बाटली शोधत फिरते.

मीड म्हणजे मधाची दारू. प्रमाण: १ किलो मध, पाणी घालून एकूण ४ लिटर, यीस्ट ५ ग्रॅम, १८ ते २२ अंश तापमान, हवाबंद झाकणाला एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी, बाहेरची हवा अडवणारी नळी). साधारण ११-१२ टक्के मद्यार्क होतो. तीन-चार आठवड्यांनी गाळ सोडून वरचे काढायचे आणि काही महिने मुरवायचे. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर यीस्ट उपाशी आहे. मधात साखर भरपूर पण नायट्रोजन जवळजवळ नसतो, म्हणून सुरुवातीलाच यीस्टचे पोषक द्रव्य घालावे लागते. घाईने बाटल्या भरल्या तर आत आंबणे चालू राहते आणि बाटली फुटते. हायड्रोमीटरचा (घनतामापकाचा) आकडा दोन आठवडे हलला नाही की मगच भरायची.

गाडी चालवणारे, मुले, न पिणारे यांच्यासाठी सफरचंदाचा रस चालतो. शिंग कपाळाला लावून पुढे दिले तरी मान राखला जातो.

संपादक मंडळ

वरील कृती परदेशस्थ वाचकांसाठी माहिती म्हणून ठेवली आहे. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९नुसार विनापरवाना घरी मद्य तयार करणे गुन्हा आहे. या मुद्द्यावर उपचर्चा नको.

शब्दवेल्हाळ

लिथुएनियाशिवाय हा धागा अपुरा. युरोपात सर्वांत शेवटी ख्रिस्ती झालेला देश: १३८७ साली राज्य, १४१३ साली झेमाइतिया हा पश्चिम भाग.

भाषा तर आपल्याला थक्क करणारी. सूनुस म्हणजे मुलगा (संस्कृत सूनु), अविस म्हणजे मेंढी (अवि), उग्निस अग्नी, दूमस धूर, दान्तिस दात, दिएवस देव. एक म्हण आहे: ‘दिएवस दावे दान्तिस, दुओस इर दुओनोस’, देवाने दात दिले, भाकरीही देईल. आपण चोच आणि चारा म्हणतो. तिथला ‘दुओना’ आणि संस्कृतातल्या ‘धाना’ (भाजलेले धान्य) सख्खे चुलत. पेर्कूनस हा गडगडाटाचा देव मात्र पर्जन्याशी जोडताना जपून, त्यावर भाषाशास्त्रज्ञांत वाद आहे.

रोमुवाची आधुनिक गोष्ट सोव्हिएत काळातली. १९६७ साली योनस त्रिंकूनस (१९३९–२०१४) आणि मित्रांनी केर्नावे इथे ‘रासोस’, म्हणजे जूनच्या अयनसंधीचा सण, केला. लोकगीते गाणे एवढेच दिसायला होते, पण सत्तेला त्यात राष्ट्रवादाचा वास आला. १९७३ साली त्रिंकूनसांना विद्यापीठातून काढले. स्वातंत्र्यानंतर १९९२ साली रोमुवा नोंदली गेली. तिथल्या कायद्याने नोंदणीनंतर २५ वर्षांनी राज्य-मान्यता मागता येते. ती मिळाली की त्या धर्माच्या विधीने लावलेले लग्न सरकारी कागदावर चढते. पंचवीस भरली, अर्ज केला, २०१९ साली संसदेने फेटाळला. स्ट्रासबूर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने जून २०२१मध्ये हा भेदभाव ठरवला. मान्यता मिळाली डिसेंबर २०२४मध्ये. आता प्रमुख आहेत त्रिंकूनसांच्या पत्नी इनिया त्रिंकूनिएने.

विधीचा गाभा ‘औकुरस’, दगड रचून केलेली अग्निवेदी. येणारे हात-तोंड धुतात, अग्नी पेटतो, मीठ, भाकरी, धान्य, बिअर अर्पण करतात, आणि सतत गाणे. मंत्र वेगळे नाहीत, गाणे हाच मंत्र. म्हणून नवख्याची अडचण तत्त्वज्ञानाची नसते. त्याला गाणी पाठ नसतात. कागद हातात धरून आगीभोवती उभे राहिले की धुराने डोळे चुरचुरतात आणि ओळ हरवते. ध्रुपद आधी तोंडपाठ करावे, कडवी पुढचा गाणारा सांभाळतो.

कोकणकडा

वा! म्हणजे हे सगळे मूळचे वैदिकच की! रशियातही ‘स्लाव्ह वेद’ सापडल्याचे फॉरवर्ड आले होते.

शब्दवेल्हाळ

कडेराव, थांबा. भाषा बहिणी आहेत म्हणजे होम आणि औकुरसचा आजचा विधी एकाच हातचा, असे नाही. तो विधी विसाव्या शतकात गाणी, उत्खनने आणि जुन्या बखरींतून जुळवलेला आहे. आणि लिथुएनियन संस्कृतातून निघाली नाही, दोघींची आई एक.

गाठीभेटी मात्र खऱ्या आहेत. १९९८ साली व्हिल्नियसमध्ये अशा धर्मांची जागतिक परिषद भरली, आणि २००३ साली मुंबईत प्राचीन परंपरांच्या ज्येष्ठांचे आंतरराष्ट्रीय संमेलन झाले. ‘तुम्ही मूळचे आमचेच’ असे कुणी म्हटले तर ते पाहुणे खूश होतात असे समजू नका. कुणाचीतरी शाखा म्हणवून घ्यायला ते हा खटाटोप करत नाहीत.

आडवाटेचा

‘स्लाव्ह वेदां’चे मी घेतो. ‘वेलेसचे पुस्तक’ म्हणून जे फिरते ते असे: १९१९ साली इझेनबेक नावाच्या अधिकाऱ्याला लाकडी फळ्या सापडल्या, दुसऱ्या महायुद्धात त्या हरवल्या, उरली फक्त मिरोल्युबोव यांनी केलेली नक्कल, आणि ती १९५०च्या दशकात अमेरिकेत छापली गेली. मूळ वस्तू नाही. भाषाशास्त्रज्ञांनी नक्कल तपासली तेव्हा वेगवेगळ्या काळांतली आणि वेगवेगळ्या स्लाव्ह भाषांतली रूपे एकाच वाक्यात आढळली. ज्ञानेश्वरीच्या ओवीत ‘आणि मग काय झालं’ यावे तसे. तरीही रशिया-युक्रेनच्या काही रोदनोव्हेर (स्लाव्ह पेगन) गटांना ते पवित्र आहे. त्या बाजूला संस्कृतचा खराखुरा अभ्यास केलेला माणूसही होता, ल्विव्हचे वोलोदिमिर शायान (१९०८–१९७४). त्यांनीही या पुस्तकावर विश्वास ठेवला. विद्वत्तेचे कवच दरवेळी पुरत नाही.

पण बनावट कागदातून खरी प्रथा उगवते, हेही तितकेच खरे. वेल्श कवी योलो मॉर्गनग (१७४७–१८२६) याने ‘प्राचीन ड्रुइड विधी’ स्वतः रचून १७९२ साली लंडनच्या प्रिमरोझ टेकडीवर सादर केले. आज वेल्सच्या राष्ट्रीय साहित्य-संगीत महोत्सवात तेच सोहळे थाटात होतात, आणि आधुनिक ड्रुइडांच्या प्रार्थनेतही त्याचे शब्द आहेत. स्टोनहेंज तर ड्रुइडांचा पहिला उल्लेख येण्याच्या सुमारे दोन हजार वर्षे आधीच बांधून झाले होते. इंग्लंडमध्ये ‘द ड्रुइड नेटवर्क’ला २०१० साली धर्मादाय नोंदणी मिळाली ती या मुद्द्यावर नाही. त्यांची आजची श्रद्धा सुसंगत आहे का, हे पाहिले गेले.

आता कडू भाग. नॉर्स गटांत वंशवादाची कीड आहे. ऑस्ट्रियाच्या गिडो फॉन लिस्ट याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला १८ रुनांची (जुन्या जर्मानिक अक्षरांची) माळ स्वतः तयार केली आणि तिची धाव पुढे नाझी वर्तुळांपर्यंत गेली. ऐतिहासिक माळा २४ किंवा १६ रुनांच्या, अँग्लो-सॅक्सन त्याहून मोठी. कुणी १८ची माळ ‘आदिम’ म्हणून विकत असेल तर समजून जा. परदेशात कुठल्या गटाकडे जाण्याआधी एकच विचारावे: सदस्य कोण होऊ शकतो? उत्तरात ‘रक्त’, ‘पूर्वज’, ‘आमचे लोक’ आले की नमस्कार करून निघावे. अमेरिकेतली ‘द ट्रॉथ’ (१९८७) सर्वांना खुली आहे. २०१६ साली पुष्कळ गटांनी ‘जाहीरनामा १२७’वर सही करून एका वंशवादी संस्थेशी संबंध तोडले. आकडा हावामाल काव्याच्या १२७व्या कडव्याचा: दुष्टपणा दिसला तर तो दुष्टपणा आहे असे बोल.

सगळ्या नॉर्स चिन्हांना मात्र एकाच काठीने झोडू नका. अमेरिकेत सैनिकांच्या थडग्यांवर विक्काची पंचकोनी चांदणी २००७पासून आणि थोरचा हातोडा २०१३पासून अधिकृत आहे.

नाक्षत्र

ब्रिटनच्या आकड्यांची भर. इंग्लंड-वेल्सच्या जनगणनेत २०११ साली ‘पेगन’ लिहिणारे ५७ हजार, २०२१ साली ७४ हजार, शिवाय ‘विक्का’ लिहिणारे १३ हजार. ‘शमन’ लिहिणारे साडेसहाशेवरून आठ हजारांवर गेले. यासाठी तयार रकाना नसतो, ‘इतर’मध्ये हाताने लिहावे लागते. तेव्हा ही किमान संख्या समजा.

बोका_बहाद्दर

ग्रीकांचे राहिले. आणि उताऱ्यासारखे काहीतरी असते म्हणतात ते खरे का?

दिवटी

खरे. अथेन्सच्या पंचांगात महिना चंद्राचा. अमावास्येला हेकाटी देवीचे ‘दैप्नोन’: घर झाडायचे, अंडी, लसूण, भाकरी असे जेवण तिठ्यावर ठेवायचे आणि मागे वळून न पाहता यायचे. दुसऱ्या दिवशी चंद्रकोरीची ‘नुमेनिया’, देव्हारा सजवून धूप. आपल्या उताऱ्याशी साम्य आहे, पण वरचा शब्दवेल्हाळ यांचा इशारा इथेही लागू.

आजच्या शहरात तिठ्यावर अन्न टाकले की उंदीर येतात आणि दंडही होतो. म्हणून आता पुष्कळ जण तेवढ्या किमतीचे धान्य गरजूंच्या अन्नपेढीला देतात. विधीआधी हात धुण्याच्या पाण्याला ‘खेर्निप्स’ म्हणतात: पेटवलेली काडी किंवा तमालपत्राच्या जातीचे पान पाण्यात विझवायचे, ते पाणी हातांवर. मग वेदीवर जवाचे दाणे टाकायचे. अर्पणाची सुरुवात आणि शेवट हेस्तिया म्हणजे चुलीच्या देवीपासून. हेलेनिक संघटना १९९७ची, ग्रीक सरकारची मान्यता २०१७ची.

कोकणकडा

‘वैदिक’वाला मुद्दा मागे घेतो. एक व्यावहारिक प्रश्न: जूनमध्ये केर्नावेला रासोस पाहायला पाहुणा म्हणून गेले तर काय पाळावे? तिथल्या राया आपल्या देवरायांसारख्याच का?

शब्दवेल्हाळ

भावना तीच. एस्टोनियाच्या ‘हीस’ रायांत तर फांदी मोडायची नाही, काही तोडायचे नाही हा नियम सह्याद्रीतल्या कुठल्याही देवराईत शोभेल असा. झाडाला काही बांधायचे झालेच तर सुती किंवा लोकरीचा धागा, सैल. नायलॉन कुजत नाही, खोड वाढले की सालीत रुततो. दगडावर किंवा थडग्याच्या आत मेणबत्ती ठेवू नये. इंग्लंडच्या वेस्ट केनेटच्या पाषाणयुगीन थडग्यात उष्णतेने आणि मेणाने दगड खराब झाले आहेत.

रासोससाठी: केर्नावे व्हिल्नियसपासून सुमारे ३५ किलोमीटर. २४ जूनला सुटी असते, त्यामुळे परतीची सोय आधी पाहा. सण रात्रभर चालतो आणि सूर्योदयाला संपतो, तो पाचच्या आत होतो. जूनमध्येही रात्री गारठा असतो, स्वेटर हवा, आणि गवतावर दव असल्याने बूट भिजतात. (‘रासा’ म्हणजे दवच.) डोक्यावर माळ घालतात, बायका रानफुलांची, पुरुष ओकच्या पानांची. फुले आजूबाजूच्या कुरणातून, पुरातत्त्व-टेकड्यांच्या उतारावरून नाही, ते युनेस्कोचे संरक्षित स्थळ आहे. माळेच्या आत तार घालू नका, शेवटी ती पेटत्या मेणबत्तीसह नदीत सोडतात. अग्नीला द्यायला घरची भाकरी किंवा मूठभर धान्य पुरते. प्लॅस्टिकच्या पिशवीसकट आत टाकणारे दर वर्षी कुणीतरी निघतेच.

पाटावरवंटा

तांदूळ चालतील का? तिकडचे राय हे धान्य कुठून आणणार?

शब्दवेल्हाळ

राय तिथल्या कुठल्याही किराणा दुकानात मिळते, ताई. पण तांदूळ नेले तरी कुणी परत पाठवणार नाही.